वाचक विचारतात : किनाऱ्याच्या पाण्यातला नायट्रोजन कोण खातं आणि किती वेगाने?

समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या नायट्रोजनविषयी या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली एकमेकांना धरून असलेली निवडली आहेत. आकडे सगळीकडे मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये आहेत. ज्यांना वजनाची सवय आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की एक मायक्रोमोल नायट्रोजन म्हणजे 14 मायक्रोग्रॅम.

प्रश्न : हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे आणि तो समुद्राच्या पाण्यात विरघळतोही. मग ‘नायट्रोजन कमी पडतो म्हणून वनस्पतीप्लवक वाढत नाहीत’ असं पुस्तकात का असतं? मुलं दर वर्षी हेच विचारतात.
— बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : मुलं बरोबर विचारतात. 28 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेचारशेच्या आसपास मायक्रोमोल नायट्रोजन वायू विरघळलेला असतो. पण त्यातले दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध तोडण्याची सोय मोजक्याच जिवाणूंकडे आहे. बाकी सगळ्यांना नायट्रोजन लागतो तो नायट्रेट, नायट्राइट, अमोनियम, युरिया किंवा अमिनो आम्लं अशा तयार रूपात. एप्रिलमध्ये कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापासून थोडं आत गेलं, की पृष्ठभागाच्या पाण्यात नायट्रेट बऱ्याचदा अर्ध्या मायक्रोमोलच्याही खाली असतं.

आता पुढची अडचण. त्याच पाण्यात वनस्पतीप्लवक, म्हणजे तरंगणारी सूक्ष्म शैवालं, मात्र जिवंत असतात, वाढतात आणि खाल्लेही जातात. मग नायट्रोजन नाही असं कसं म्हणायचं? दुकानाच्या फळीवर माल दिसत नाही म्हणून दुकान बंद पडलं असं नसतं. कधी कधी माल येतो त्याच क्षणी उचलला जातो. अमोनियमचं नेमकं असंच आहे. सूक्ष्म प्राणीप्लवक जिवाणूंना आणि शैवालपेशींना खातात, अमोनियम बाहेर टाकतात आणि शेजारची पेशी ते काही तासांत, कधी मिनिटांत उचलते. बाटलीत मोजलेला आकडा म्हणजे फळीवर उरलेला माल. उलाढाल कळायची तर वेग मोजावा लागतो, आणि साठा व वेग यांची गल्लत हीच या विषयातली सर्वांत मोठी चूक आहे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात ती कुठे ना कुठे डोकावते.

प्रश्न : आमच्या खाजणातल्या कोळंबीच्या तळ्यात खाडीचं पाणी घेतो. मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या किटने खाडीचं पाणी तपासलं तर नायट्रेट शून्य, अमोनिया शून्य. तरी पाणी हिरवंगार. किट खराब आहे का?
— कोळंबी उत्पादक, पालघर जिल्हा

उत्तर : किट खराब नाही, त्याची पट्टी जाड आहे. अशा बहुतेक किटांवर नायट्रेटचा पहिला रंग लिटरला 5 मिलिग्रॅमचा असतो. तो आकडा नायट्रेटचा धरला तर 5 मिलिग्रॅम म्हणजे 80 मायक्रोमोल. किनाऱ्याच्या पाण्यात 10 मायक्रोमोल नायट्रेट असेल तर प्लवकांच्या दृष्टीने ती मेजवानी, पण तुमच्या किटवर ते शून्यच दिसणार. अमोनियाचंही तसंच. पहिली खूण 0.25 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनची असेल तर ती जवळजवळ 18 मायक्रोमोल झाली. कोळंबीला धोका आहे का, एवढं पाहायला ती पुरते. पाणी हिरवं का, हे तिच्याने कळणार नाही.

डबीवर आकडा ‘नायट्रेट’ म्हणून आहे की ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून, तेही पाहा. दोन्हींत जवळपास साडेचार पटींचा फरक आहे. आणि नेसलर द्रावणाचं किट असेल तर खाऱ्या पाण्यासाठी वापरूच नका. मॅग्नेशियम-कॅल्शियममुळे पाणी गढूळ होतं आणि तो गढूळपणा रंग म्हणून वाचला जातो.

प्रश्न : नायट्रेट आणि अमोनियम दोन्ही समोर असताना पेशी अमोनियम आधी घेते असं वाचलं. असं का? आणि नेहमीच तसं होतं का?
— एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, पुणे

उत्तर : हिशोब इलेक्ट्रॉनांचा आहे. अमोनियम आत आलं की ग्लुटामिन सिंथेटेज आणि त्याच्या जोडीचं ग्लुटामेट सिंथेज ही विकरं ते थेट अमिनो आम्लांत घालतात. नायट्रेट आलं तर आधी नायट्रेट रिडक्टेज दोन इलेक्ट्रॉन खर्चून त्याचं नायट्राइट करतं, मग नायट्राइट रिडक्टेज आणखी सहा खर्चून अमोनियम बनवतं. म्हणजे आठ इलेक्ट्रॉनांचा जादा खर्च. शिवाय नायट्रेट रिडक्टेजला लोह आणि मॉलिब्डेनम लागतं, आणि हे इलेक्ट्रॉन शैवालात शेवटी प्रकाशसंश्लेषणातूनच येतात. म्हणून नायट्रेटचं ग्रहण उजेडावर जास्त अवलंबून असतं, तर अमोनियम अंधारातही बऱ्यापैकी उचललं जातं.

आसपास एक मायक्रोमोलपेक्षा जास्त अमोनियम असेल तर नायट्रेटचं ग्रहण दबतं, असा ढोबळ नियम सांगतात. ढोबळच. हा उंबरठा जातीनुसार, उजेडानुसार, तापमानानुसार आणि पेशी किती दिवसांची उपाशी आहे त्यानुसार सरकतो. उपाशी पेशी दोन्ही घेते. डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेली शैवालं, तर नायट्रेट भरून ठेवतात. त्यांच्या रिक्तिकेत बाहेरच्या पाण्यापेक्षा हजारो पट तीव्रतेचं नायट्रेट सापडतं. त्यामुळे तळाचं नायट्रेटवालं पाणी वर आलं की पहिली झेप डायटमची असते. उलट टोकाला प्रोक्लोरोकॉकस हा अतिसूक्ष्म सायनोजिवाणू, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू. त्याच्या बहुतेक वाणांकडे नायट्रेट वापरण्याची जनुकंच नाहीत, ते अमोनियमवर जगतात.

परीक्षेत विचारतात म्हणून एक आकडा सांगतो. ग्रहणाचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती तीव्रता, म्हणजे अर्धसंपृक्तता स्थिरांक, किनाऱ्याच्या मोठ्या डायटमसाठी साधारण एक मायक्रोमोल किंवा वर असते. खुल्या समुद्रातल्या बारीक पेशींसाठी 0.2 किंवा त्याहून कमी. मोठी पेशी भरल्या ताटावर जोरात जेवते, बारीक पेशी उष्ट्यावरही भागवते. लहान पेशीचं पृष्ठफळ घनफळाच्या मानाने जास्त असतं, हे त्यामागचं साधं भूमितीचं कारण.

प्रश्न : नायट्रोजन-15 वापरून ग्रहणाचा वेग मोजायचा प्रकल्प घेतला आहे. पद्धत पुस्तकात वाचली, पण प्रत्यक्ष किती घालायचं, किती वेळ ठेवायचं आणि कुठे चुकतं हे कुणी सांगत नाही. एक पूर्ण उदाहरण द्याल का?
— संशोधक विद्यार्थिनी, गोवा

उत्तर : देतो. याला जागा लागेल, पण तेवढी द्यायलाच हवी.

तत्त्व 1967 पासून तेच आहे. डग्डेल आणि गोअरिंग यांनी त्या वर्षी ‘नवं’ आणि ‘पुनर्निर्मित’ उत्पादन वेगळं मोजण्यासाठी ते मांडलं : बाहेरून आलेल्या नायट्रेटवरचं नवं, जागच्या जागी फिरणाऱ्या अमोनियमवरचं पुनर्निर्मित. नायट्रोजन-15 हा नायट्रोजनचा जड समस्थानिक निसर्गात फक्त 0.366 टक्के असतो, तीच आपली खूण. 98 टक्के नायट्रोजन-15 असलेलं थोडं नायट्रेट पाण्यात घालायचं, काही तासांनी पेशी गाळून त्यात तो किती शिरला ते मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे हलके-जड अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रावर, पाहायचं.

किती घालायचं? आधीच्या साठ्याच्या दहा टक्के. त्यासाठी साठा आधी मोजलेला हवा, आणि पहिली गफलत इथेच होते. बोटीवर आकडा नसतो, म्हणून ‘अंदाजे’ एक मायक्रोमोल ओततात. पाण्यात मुळात 0.3 असेल तर तुम्ही खत घातलं, मापन केलं नाही. जो वेग मिळेल तो तुमच्या खताचा.

समजा नायट्रेट 2.0 आहे. 10.2 मिलिग्रॅम नायट्रोजन-15 पोटॅशियम नायट्रेट 100 मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवलं, की एक मिलिमोल तीव्रतेचं द्रावण होतं. त्यातले 0.2 मिलिलिटर एक लिटर नमुन्यात घातले, की 0.2 मायक्रोमोलची भर पडते. अमोनियमसाठी तेवढ्याच तीव्रतेचं द्रावण हवं असेल तर अमोनियम क्लोराइड 5.45 मिलिग्रॅम घ्या. ही द्रावणं लहान कुप्यांत भरून गोठवून ठेवावीत. एकच बाटली रोज उघडत राहिलात तर महिन्याभराने तिचा भरवसा नाही.

आता हिशोब. विरघळलेल्या साठ्यात नायट्रोजन-15 चं प्रमाण : (2.0 गुणिले 0.366 अधिक 0.2 गुणिले 98) भागिले 2.2. उत्तर 9.24 टक्के. नैसर्गिक 0.366 वजा केलं की जादा प्रमाण 8.88. तीन तासांनी गाळलेल्या पेशींत 0.666 टक्के आलं असेल तर तिथलं जादा प्रमाण 0.30. मग ताशी विशिष्ट वेग म्हणजे 0.30 भागिले (8.88 गुणिले 3), साधारण 0.0113. पेशीत बांधलेला नायट्रोजन लिटरला 4 मायक्रोमोल असेल तर ग्रहण ताशी 0.045 मायक्रोमोल. या वेगाने 2.0 चा साठा 44 तासांत संपेल. हा शेवटचा भागाकार दर वेळी करा. तो सांगतो की उबवणीचा, म्हणजे खूण घालून बाटली ठेवून देण्याचा, काळ शहाणपणाचा होता की नाही.

अमोनियमला हाच भागाकार लावून पाहा. साठा 0.2 आणि ग्रहण ताशी 0.1 असेल तर दोन तासांत सगळं फस्त. अशा पाण्यात चोवीस तासांची उबवण म्हणजे पहिले दोन तास मापन आणि पुढचे बावीस तास गोंधळ. शिवाय बाटलीतले प्राणीप्लवक साधं नायट्रोजन-14 वालं अमोनियम बाहेर टाकत असतात. त्याने तुमचा खुणेचा साठा पातळ होत जातो आणि काढलेला वेग खऱ्यापेक्षा कमी येतो. 1982 मध्ये ग्लिबर्ट आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय दिला : सुरुवातीला आणि शेवटी विरघळलेल्या अमोनियमचंही नायट्रोजन-15 प्रमाण मोजायचं आणि दोन्हींची सरासरी हिशोबात घ्यायची. त्यातून अमोनियम किती वेगाने परत तयार झालं तेही मिळतं. काम दुप्पट होतं, पण किनाऱ्याजवळ अमोनियमसाठी हे टाळून चालत नाही. नायट्रेटला दोन ते चार तास, अमोनियमला अर्धा ते दोन तास, आणि सुरुवात सकाळी. दुपारी तीनला सुरू केलेली उबवण ढळत्या उन्हात मोजली जाते.

बाटल्या पॉलीकार्बोनेटच्या घ्या, दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेल्या, नमुन्याच्याच पाण्याने तीनदा खळबळलेल्या. पाणी जिथून घेतलं त्या खोलीच्या उजेडाशी जुळेल अशी जाळी बाटलीभोवती हवी आणि बाटल्या वाहत्या समुद्रपाण्याच्या टबात. मे महिन्यात गच्चीवर साध्या बादलीत ठेवलेली बाटली तासाभरात चार-पाच अंशांनी तापते, आणि ग्रहण नव्हे तर भाजणं मोजलं जातं.

गाळण्यासाठी काचतंतूंचा जीएफ/एफ गाळणकागद, 25 मिलिमीटरचा, 450 अंशांवर चार तास भाजून घेतलेला. पोकळीचा दाब पाऱ्याच्या 100 ते 150 मिलिमीटरच्या वर नेऊ नका. घाई करून जोरात खेचलं की नाजूक पेशी फुटतात आणि नुकतंच घेतलेलं नायट्रोजन गाळणीखाली निघून जातं. शेवटी गाळलेल्याच समुद्रपाण्याने धुवा, नळाच्या किंवा शुद्ध पाण्याने नाही, कारण क्षारतेच्या धक्क्याने पेशी फुटतात. मग 50 ते 60 अंशांवर वाळवा. वरच्या उदाहरणात एका लिटरमधून 56 मायक्रोग्रॅम नायट्रोजन कागदावर येतो, तो मास स्पेक्ट्रोमीटरला पुरतो. एप्रिलच्या निवळ पाण्यात दोन ते चार लिटर लागतील. खूण घातल्या घातल्या लगेच गाळलेली एक ‘शून्य वेळेची’ बाटली दर वेळी ठेवा. तिच्यात 0.366 पेक्षा ठळक जास्त आलं तर दोष धुण्यात आहे किंवा भांड्यात.

आणि नायट्रोजन-15 च्या कुप्या, पिपेट, ओवन नैसर्गिक प्रमाणाच्या नमुन्यांपासून दूर ठेवा. एका थेंबाने शेजारच्या विद्यार्थ्याचं वर्ष वाया जाऊ शकतं.

प्रश्न : वरच्या पद्धतीने मोजलेलं सगळं ग्रहण शैवालाचंच धरायचं का? जिवाणूही अमोनियम घेतात ना?
— तीच विद्यार्थिनी, दुसऱ्या पत्रात

उत्तर : नाही धरायचं. जीएफ/एफ कागदाची भोकं नावाला 0.7 मायक्रोमीटर. परपोषी जिवाणू बरेचसे त्याहून बारीक. त्यातले काही अडकतात, काही निसटतात, आणि साधारण निम्मे अडकत असले तरी नेमके किती हे पाण्यागणिक बदलतं. म्हणजे आकडा ना निव्वळ शैवालाचा, ना सगळ्यांचा. 0.2 मायक्रोमीटरच्या चांदीच्या गाळणीवरही समांतर गाळलं तर ‘सगळ्यांचा’ आकडा मिळतो आणि फरकावरून अंदाज बांधता येतो.

जिवाणू अमोनियम घेतात की सोडतात, हे त्यांच्या ताटात काय पडलं यावर ठरतं. त्यांच्या शरीरात कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण पाचाला एकच्या आसपास असतं, वनस्पतीप्लवकांत रेडफील्ड प्रमाणाने 106 ला 16. अमिनो आम्लं मिळाली तर नायट्रोजन उरतो आणि ते अमोनियम बाहेर टाकतात. नुसती साखर मिळाली, जशी डायटमचा बहर उतरताना पाझरते, तर कार्बन भरपूर आणि नायट्रोजन तोकडा. मग ते शैवालाच्याच तोंडचं अमोनियम ओढतात. शाळेच्या पुस्तकातला ‘जिवाणू कुजवतात आणि पोषकं परत देतात’ हा धडा अर्धाच खरा आहे.

प्रतिजैविक घालून जिवाणू बंद पाडायचा मार्ग सोपा वाटतो. आमचा सल्ला : नको. सायनोजिवाणू हेही जिवाणूच, तेही बंद पडतात. आणि मेलेल्या पेशींतून सुटलेलं अमोनियम सगळा हिशोब बिघडवतं. सोय असेल तर उबवणीनंतर पेशी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर, वेगवेगळ्या करून मग मास स्पेक्ट्रोमीटरवर न्याव्या.

प्रश्न : पावसाळ्यात नद्या शेतातलं खत समुद्रात आणतात म्हणून सप्टेंबरमध्ये समुद्र हिरवा होतो आणि तारली-बांगडा येतो, असं आमच्याकडे सांगतात. बरोबर आहे का?
— मच्छीमार सोसायटीचे सदस्य, सिंधुदुर्ग

उत्तर : थोडं बरोबर आहे. नदीच्या मुखाशी आणि खाडीत नद्यांचा वाटा मोठा. पण थोडं बाहेर गेलं की मोठा पुरवठा खालून येतो. जून ते सप्टेंबर मोसमी वारे आणि किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणारा प्रवाह यांमुळे खोल समुद्रातलं थंड, नायट्रेट असलेलं पण प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागावर चढतं. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड पाण्याची पाच-दहा मीटरची पातळ साय पसरलेली असते. ती झाकणासारखी बसते. वरचं खालचं मिसळत नाही, म्हणून खालचं नायट्रेट एकदम वर येत नाही. झिरपत झिरपत, लाटांनी ढवळेल तसं येतं. झाकणाच्या सांध्यावर, जिथे खालून खत आणि वरून थोडा उजेड मिळतो, तिथे प्लवक वाढतात. एक मायक्रोमोल नायट्रेट पूर्ण वापरलं गेलं तर त्यातून साधारण एक मायक्रोग्रॅम क्लोरोफिलएवढा हिरवेपणा तयार होतो, असा ढोबळ हिशोब आहे. खालच्या पाण्यात दहा-पंधरा मायक्रोमोल असेल तर पाण्याचा रंग का बदलतो ते यावरून कळेल.

हेच प्लवक मरून तळाशी जातात, तिथे जिवाणू त्यांना कुजवतात आणि उरलेला प्राणवायू संपवतात. मग वेगळा खेळ सुरू होतो : जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात. हे खाणं नव्हे, हा श्वास. या नायट्रेटचा शेवटी नायट्रोजन वायू होतो आणि तो कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोरच्या उथळ ठिकाणी 1997 पासून हे सातत्याने मोजत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे तळाचं नायट्रेट संपतं आणि पाण्याला हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे कुजक्या अंड्यांचा वास येतो. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवून दिलं, की या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागातून नायट्रस ऑक्साइड हा तापवणारा वायू मोठ्या प्रमाणात निघतो.

तुमच्या कामाचा भाग : तळाचं पाणी असं झालं की तळाची मासळी आणि कोळंबी तिथून हलते. वर हिरवं पाणी आणि खाली रिकामं जाळं, हे त्याच कारणाने घडू शकतं.

जाता जाता प्रयोगशाळेतल्यांना एक सूचना. असं सल्फाइडवालं पाणी कॅडमियमच्या स्तंभातून सोडू नका. तांब्याचा मुलामा दिलेला तो स्तंभ नायट्रेटचं नायट्राइट करतो, मग त्याचा गुलाबी रंग 540 नॅनोमीटरच्या आसपास वाचतात. सल्फाइडने मुलामा काळवंडतो, स्तंभाची कार्यक्षमता घसरते आणि पुढचे सगळे नमुने खोटे कमी येतात. नमुन्यातून आधी निष्क्रिय वायूचे बुडबुडे सोडून सल्फाइड घालवा, आणि दर दहा नमुन्यांमागे एकदा नायट्रेटचं व नायट्राइटचं समान तीव्रतेचं प्रमाणद्रावण लावून दोन्ही आकडे जुळतात का पाहा.

प्रश्न : मार्चमध्ये समुद्रावर तपकिरी भुसा तरंगताना दिसला, लांबलचक पट्ट्यात. तेल, सांडपाणी की आणखी काही?
— पर्यटक, सध्या मुक्काम बंगळुरू

उत्तर : फेब्रुवारी ते मे, समुद्र शांत आणि तापलेला असताना दिसला असेल, तर बहुधा ट्रायकोडेस्मियम हा सायनोजिवाणू. कॅप्टन कुकच्या 1770 च्या नोंदीतही खलाशी याला समुद्रातला भुसाच म्हणतात. पेल्याची परीक्षा करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि ढवळून दहा मिनिटं ठेवा. ट्रायकोडेस्मियमच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म कुप्या असतात, त्यामुळे बारीक काड्यांचे झुबके पुन्हा वर येतात. एक-दोन मिलिमीटरचे असल्याने भिंगाशिवायही दिसतात. तेल असेल तर काचेला चिकटतं आणि इंद्रधनुषी तवंग धरतं. मरायला टेकलेल्या पट्ट्याला उग्र वास येतो, आणि पेशी फुटून आतलं फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य बाहेर पडलं की पाणी गुलाबी होतं.

रत्नागिरीच्या बाईंना वर म्हटलेले ‘मोजके जिवाणू’ ते हेच. नायट्रोजिनेज या विकराने ते नायट्रोजन वायूचं अमोनियम करतात, एका रेणूमागे पेशीतल्या ऊर्जेचं चलन असलेले किमान 16 एटीपी खर्चून. विकराला प्राणवायू चालत नाही, तरी ट्रायकोडेस्मियम हे काम भर दिवसा, प्राणवायू तयार करता करताच उरकतं. झुबक्यातून पाझरलेला नायट्रोजन शेजारी खातात. म्हणून पट्टा विरल्यावर त्याच जागी डायटमचा बहर दिसतो तेव्हा नवल वाटू नये.

इथेही मोजणीत एक खोच आहे. नायट्रोजन-15 वायूचा बुडबुडा थेट बाटलीत सोडायची पद्धत वर्षानुवर्षं चालली. 2010 मध्ये लक्षात आलं की बुडबुडा तासन्‌तास पूर्ण विरघळतच नाही, म्हणून वेग कमी येतो. पुढे 2014 मध्ये कळलं की बाजारातल्या काही वायूकुप्यांत नायट्रोजन-15 अमोनियमची भेसळ असते, त्याने वेग जास्त येतो. आता आधी वायू विरघळवलेलं पाणी तयार करून ते मिसळतात आणि कुपी तपासूनच घेतात. एप्रिल 2024 मध्ये तर एका समुद्री शैवालात नायट्रोजन स्थिर करणारा जिवाणू पेशीचा अवयवच होऊन बसल्याचं जाहीर झालं. ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी असं त्या शैवालाचं नाव, आणि अवयवाला नायट्रोप्लास्ट म्हणतात.

प्रश्न : रात्री लाटा निळ्या चमकतात ते नॉक्टिलुका नायट्रोजन शोषून पाणी स्वच्छ करतं, असा संदेश फिरतोय. खरं?
— वाचक, अलिबाग

उत्तर : खोटं. नॉक्टिलुका हा एकपेशी प्लवक; आपल्या किनाऱ्यावर चमकणारा त्याचा लाल प्रकार प्रकाशसंश्लेषण करत नाही. तो डायटम आणि इतर पेशी गिळतो. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात दिसणाऱ्या हिरव्या प्रकाराच्या पोटात मात्र शैवाल नांदतं. लाल नॉक्टिलुका तरंगण्यासाठी पेशीरसात अमोनियम साठवतो. बहर मेला की ते पाण्यात उतरतं, आणि कोंडलेल्या खाडीत माशांना त्रास होऊ शकतो. पाहायला जरूर जा. कोळंबीच्या तळ्यात मात्र त्या रात्री पाणी घेऊ नका.

प्रश्न : एकाच बाटलीतलं अमोनियम सकाळी 0.4, दुपारी 0.9, दुसऱ्या दिवशी 0.1. इंडोफिनॉल पद्धत, अभिकर्मक ताजे. कशावर विश्वास ठेवू?
— प्रयोगशाळा सहायक, मुंबई

उत्तर : कशावरच नको. बाटलीत जीव आहेत, ते सोडतात आणि खातात. नमुना घेतल्यावर काही मिनिटांत फिनॉलचा अभिकर्मक घाला. नायट्रेटचा नमुना गाळून उणे 20 अंशांवर ठेवता येतो, अमोनियमचा तसा भरवसा धरू नका. रंग अंधारात, झाकण लावून, प्रत्येक नमुन्याला सारखाच वेळ द्या, आणि वाचन 640 नॅनोमीटरवर. सिट्रेट कमी पडलं तर मॅग्नेशियमचा साका बसतो आणि वाचन वर जातं, तेव्हा क्युवेट (नमुना वाचायची काचेची कुपी) उजेडात धरून पाहा.

दुपारचा 0.9 मात्र खोलीतून आलेला दिसतो. घामट बोटं, सिगारेटचा धूर, काच पुसायचे काही द्रव आणि त्याच फडताळात ठेवलेली अमोनियाची बाटली, यातलं काहीही पुरतं. तीन कोरे नमुने लावा : एक झाकलेला, एक टेबलावर उघडा, एक फडताळाशेजारी. तिघांत फरक आला तर आधी ती बाटली दुसऱ्या खोलीत हलवा, मग नमुने पुन्हा करा.